चौथा बीप वाजत नाही

«मावशी, मी २६ वर्षांची. आठव्या वर्षी नाशिकहून टेक्सासला आले, आता प्लेनोत घर आहे आणि आम्ही सगळे इथले नागरिक झालो आहोत. (ऱ्हस्व-दीर्घ आईने तपासलेत.) दिवसा सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी करते. गेली तीन वर्षं संध्याकाळी अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकांच्या, इंग्रजी डबिंगमध्ये बारीकसारीक कामं केली. कधी दुकानदारीण, कधी ‘विद्यार्थिनी ब’, बाकी गर्दीतल्या किंकाळ्या. गेल्या महिन्यात २४ भागांच्या एका मालिकेत लीड मिळाला. १४ वर्षांचा मुलगा आहे आणि सारखा ओरडतो. अजून करारावर सही केलेली नाही. रात्री झोप लागत नाही. नोकरी सोडू का? पैसे तासावर आहेत आणि काम नॉन-युनियन आहे, म्हणजे कलाकारांच्या युनियनच्या कराराबाहेरचं. लॉस एंजेलिसची मैत्रीण म्हणते, घेऊच नकोस. जपानी कलाकाराने ते पात्र इतकं भारी केलंय की लोक मला फाडून खातील. शिवाय मी ना जपानी, ना इथल्यांसारखी अमेरिकन, मग हा मुलगा मी कुठल्या तोंडाने करायचा? बाबा म्हणतात, ‘मास्टर्स करून कार्टूनला आवाज देणार?’ आईने आनंदाच्या भरात मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं होतं, ते वीस मिनिटांत डिलीट करायला लावलं. काय करू? — बूथमधली, प्लेनो»

अगं बूथमधली,

आधी आईचं. डिलीट करायला लावलंस ते उत्तम, पण तिच्याशी पुन्हा एकदा शांतपणे बोल. कोण कुठलं पात्र करतंय हे कंपनी तिच्या तारखेला जाहीर करते, आणि तोवर तोंड बंद ठेवीन असं तू आधीच लिहून दिलेलं असणार. मंडळाच्या ग्रुपवर जितकी घरं, त्यातल्या निम्म्या घरांत पंधरा-सोळा वर्षांचं एक कार्टं असतं आणि ते हीच मालिका बघत असतं. मलाही तू मालिकेचं नाव कळवलं नाहीस, त्याबद्दल पैकीच्या पैकी मार्क.

आता नोकरी. तुझं पत्र वाचून झाल्यावर मी पेन्सिल घेऊन बसले. लीडला एका भागासाठी बूथमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंगच्या खोलीत, दोन ते चार तास लागतात. संवाद किती आणि आरडाओरडा किती त्यावर. सरासरी तीन धर. २४ त्रिक ७२. तुझ्या ऑफिसचे दोन आठवडे म्हणजे ८० तास. म्हणजे ही अख्खी मालिका, जिच्यापायी तुझी झोप उडालीय, तुझ्या दोन आठवड्यांच्या नोकरीपेक्षा लहान आहे. तुझा तासाचा दर ७२ ने गुण आणि तो आकडा वर्षाच्या घरभाड्याशेजारी लिही. मग मला नोकरीबद्दल विचारायची गरज उरणार नाही.

आपल्याकडे नाटकात लीड मिळाली की महिना-दीड महिना तालमी, मग प्रयोग, मग दौरे, म्हणजे अख्खं आयुष्य त्यात जातं. डबिंगमधला लीड तसा नसतो. इथे तालीम नसते, बरेचदा संवादही बूथमध्ये उभं राहिल्यावरच पहिल्यांदा दिसतात. लीड म्हणजे बूथमधले तास जास्त, बस्स. ते तास आठवड्याला एक दुपार, असे पाच-सहा महिने पसरलेले असतील. तेव्हा मॅनेजरकडे राजीनामा नको नेऊस, एक दुपार माग, आणि ती पुढे-मागे सरकेल हेही आधीच सांगून ठेव. हल्ली मालिका जपानात लागली की थोड्याच आठवड्यांत इंग्रजीत हवी असते. २०१४ च्या जानेवारीत ‘स्पेस डँडी’ तर जपानच्या एक दिवस आधी अमेरिकेत इंग्रजीत लागली होती! त्या घाईत वेळापत्रक स्टुडिओचं असतं, तुझं नसतं.

(हे वाचणाऱ्या इतरांसाठी: ही मुलगी नागरिक आहे म्हणून मी एवढ्या सहज बोलतेय. एच-१बी वर असाल तर ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्याखेरीज दुसरीकडे पैसे घेऊन काम करता येत नाही, संध्याकाळी नाही आणि शनिवारीही नाही. विद्यार्थी असाल तरी परवानगीशिवाय नाही. हौसेपायी व्हिसा घालवू नका.)

तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलेलं वाक्य म्हणजे ‘सारखा ओरडतो’. ते तू जाता जाता लिहिलंस. मी तिथेच थांबले.

मी मुंबईत वीसेक वर्षं डबिंग केलं, हिंदीत जास्त, मराठीत थोडं. पहिला मोठा रोल मिळाला तेव्हा मी तुझ्याहून लहान होते. शेवटच्या दोन भागांत नुसती मारामारी. स्टुडिओचं भाडं वाचावं म्हणून समन्वयकाने सगळा आक्रोश एकाच दिवशी लावला, सकाळी दहापासून. दुपारी जेवणानंतर आवाज फाटायला लागला, तरी मी ‘चालेल, चालेल’ म्हणत राहिले, कारण नाही म्हटलं तर पुढचं काम जाईल ही भीती. संध्याकाळी घरी आले आणि आईला चहा कर म्हणायला तोंड उघडलं तर नुसती हवा. अकरा दिवस पाटीवर लिहून बोलले. बारावा दिवस उजाडला तेव्हा आवाज आला, पण वरचे दोन सूर काही परत आले नाहीत. आजही नाहीत.

म्हणून सही करायच्या आधी दिग्दर्शकाला एवढं सांग: ओरडायचं सगळं सत्राच्या शेवटी घेऊ या, आणि ओरडण्याचं सत्र दोन तासांवर जायला नको. चांगले दिग्दर्शक हे स्वतःहूनच करतात, त्यात तुझा नखरा कुणाला दिसणार नाही. मार खाणं, धापा टाकणं, उडी मारताना हुंकारणं, पडताना कण्हणं, ज्याला तुम्ही लोक ‘एफर्ट्स’ म्हणता, ते तर अगदी शेवटी. शॉन शेमेल, म्हणजे ‘ड्रॅगन बॉल’चा नायक गोकू याचा इंग्रजी आवाज, याचा एक किस्सा सांगतात की रूपांतराची एक लांबलचक किंकाळी देताना तो बूथमध्ये बेशुद्ध पडला होता; खरं-खोटं कुणास ठाऊक. लोकांना तो किस्सा शौर्याचा वाटतो. मला तो वाचूनच घाम फुटतो. किंकाळी घशातून न काढता पोटातून काढायची, हे तुला कुणीतरी सांगितलं असेल. पण ते ऐकून येत नाही, शिकावं लागतं. आवाजावर काम करणारी स्पीच थेरपिस्ट गाठ आणि पहिल्या सत्राआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून स्वरयंत्राचा एकदा फोटो काढून ठेव. पुढे काही बिघडलं तर आधी कसं होतं ते दाखवायला तो उपयोगी पडतो. रोज सकाळी अर्धा ग्लास पाण्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत ‘ऊऽऽ’ करायचं, पाच मिनिटं. घरचे हसतील. हसू देत. आणि घसा बसला तर कुजबुजून बोलू नकोस. त्याने घशाला आराम मिळतो असं सगळ्यांना वाटतं, पण ताणच पडतो. सरळ गप्प बस.

एक बारीक गोष्ट. मी एकदा हळदीकुंकवाहून थेट स्टुडिओत गेले, अंगावर नारायण पेठ आणि हातात डझनभर काचेच्या बांगड्या. इंजिनिअरने काचेपलीकडून नुसते हात जोडले. बांगड्या काढल्या, तरी पदराची सळसळ जाईना. शेवटी कुणाचा तरी सुती शर्ट वरून घालून काम केलं. मऊ सुती कपडे, मनगट मोकळं, आणि निघताना थोडं खाऊन जा. उपाशी पोटाचं गुरगुरणं माइकला तुझ्या संवादाइतकंच स्पष्ट ऐकू येतं. तोंड चिकट होऊन चटचट आवाज येत असेल तर हिरव्या सफरचंदाची एक फोड. तुमच्या तिथल्या बऱ्याच जणांच्या पिशवीत ते असतंच, तूही पाहिलं असशील.

आता जपानी कलाकाराच्या तुलनेचं. दोन वर्षांपूर्वी मी लेकीकडे डॅलसला आले होते तेव्हा ओळखीने एका स्टुडिओत तीन तास मागे खुर्ची टाकून बसले. एक पोरगा काम करत होता. पडद्यावर पात्र, त्याच्या कानात जपानी पायलट, म्हणजे मूळ नटाचा आवाज, मग तीन बीप. पीक, पीक, पीक. आणि चौथा जिथे वाजायला हवा तिथे शांतता, त्या शांततेत त्याने तोंड उघडायचं. मुंबईत आम्ही वेगळ्या पद्धतीने क्यू घ्यायचो, पण भीती तीच. पहिल्या चार टेकमध्ये तो पोरगा जपानी आवाजाची चाल उचलत होता. जिथे जपानी नट वर गेला तिथे हाही वर, तो थांबला तिथे हा थांबला. इंग्रजी शब्द आणि जपानी चाल, ऐकायला नको वाटत होतं. पाचव्या वेळी दिग्दर्शिकेने सांगितलं, कानातला आवाज बंद कर, फक्त तोंड बघ. बीप वाजले, चौथा नाही वाजला, आणि त्या शांततेत पहिल्यांदा त्याचा स्वतःचा मुलगा बोलला. लिप थोडी चुकली होती, ती इंजिनिअरने सरकवून घेतली.

जपानी आवाज तुला भाव कळावा म्हणून दिलाय, नक्कल करायला दिलेला नाही. हे मी तुला धीर द्यायला सांगत नाही, दाखले आहेत. ‘ड्रॅगन बॉल’ १९८६ मध्ये जपानात सुरू झाली तेव्हापासून गोकूचा आवाज मासाको नोझावा यांचा, १९३६ चा जन्म असलेल्या बाईंचा. गोकू मोठा झाला, बाप झाला, तरी आवाज त्यांचाच. इंग्रजीत १९९९ पासून तोच गोकू शेमेलच्या भरदार पुरुषी आवाजात. दोघांच्या आवाजात जमीन-अस्मानाचं अंतर, तरी दोन्हीकडच्या लोकांना आपापला गोकूच खरा वाटतो. ‘काउबॉय बीबॉप’ मालिकेच्या नायकाचं, स्पाइकचं, तर असं आहे की स्टीव्ह ब्लमचा तो आळसावलेला इंग्रजी आवाज जपानी मूळही ऐकलेली माणसं मुद्दाम ऐकतात.

आणि मुलगा बाईने करायचा याबद्दल तू काही विचारलेलं नाहीस, पण पत्रात धाकधूक दिसते. अगं, तो तर या धंद्याचा जुना रिवाज आहे. मुलाचा आवाज फुटतो, बाईचा फुटत नाही. मालिका दहा वर्षं चालली तरी पात्र चौदाचंच राहतं. नारुतो जपानीत जुनको ताकेउची, इंग्रजीत मायली फ्लॅनिगन. ‘वन पीस’चा लुफी जपानीत १९९९ पासून मायुमी तानाका, आणि तुमच्या टेक्सासच्याच डबमध्ये कॉलीन क्लिंकनबियर्ड. सगळ्या बाया. आणि ज्या घरात पणजोबांनी बालगंधर्वांना भामिनी म्हणून आणि सिंधू म्हणून डोक्यावर घेतलं असेल, त्या घरात याचं कसलं नवल! फक्त आवाज बारीक करून ‘मुलगा’ करू नकोस. तुझा स्वतःचा आवाज जिथे सहज लागतो तिथूनच त्याला चालव. २४ भाग टिकायचंय.

‘कुठल्या तोंडाने’ हा तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण त्याचं उत्तर तुझ्या तोंडातच आहे.

जपानीत एखादा मुलगा म्हणतो, ‘ओरे गा, ओमाए ओ, कानाराझु, मामोरु.’ ओरे गा म्हणजे मी, ओमाए ओ म्हणजे तुला, कानाराझु म्हणजे नक्की, मामोरु म्हणजे वाचवीन. मी, तुला, नक्की, वाचवीन. शब्द एकामागून एक आपल्याच रांगेत उभे आहेत! क्रियापद शेवटी. त्यामुळे चित्रकाराने त्या पोराचे डोळे कुठे विस्फारलेत? शेवटच्या शब्दावर. इंग्रजीत मात्र ‘आय विल प्रोटेक्ट यू’ म्हटलं की क्रियापद मधेच येऊन जातं, आणि चेहरा पेटतो तेव्हा तोंडात उरतं नुसतं ‘यू’. म्हणून संवाद लिहिणारा शेवटी काहीतरी जोडतो, ‘आय स्वेअर’ किंवा ‘नो मॅटर व्हॉट’, ओठांची उघडझाप भरायला. तुझ्याशेजारच्या बूथमधल्या मुलाला ते शेपूट वाटेल आणि तो ते उरकून टाकेल. तुला कळेल की सगळं वजन तिथेच आहे, कारण तू घरी वीस वर्षं वाक्याचा जीव शेवटी ठेवूनच बोलतेस. आपलं ‘हो ना’ आणि त्यांचं शेपटीला येणारं ‘ने’ जवळजवळ जुळे भाऊ आहेत.

दुसरं, नाती. जपानी मुलगी थोरल्या भावाला ‘ओनीसान’ म्हणते. इंग्रजीत त्याचं काय करणार? बहुतेक वेळा नाव घेतात. आता तू सांग, तुझ्या दादाला तू एके दिवशी अचानक नावाने हाक मारलीस तर? घरात काय शांतता पसरेल! तुझ्या पोराच्या मालिकेत अशी जागा येईलच, कुणीतरी पहिल्यांदा नुसतं नाव घेईल किंवा नाव सोडून नातं लावेल. इंग्रजी संवादात तो फरक कागदावर दिसणार नाही. तो आवाजात आणणं ज्यांना सुचेल अशा फार थोड्या लोकांपैकी तू एक आहेस. तेव्हा अधिकार वगैरे सोड. जपानी तू नाहीस, पण त्या पोराचं घर तुझ्या ओळखीचं आहे.

एक मात्र पत्कर: तू बूथमध्ये एकटी असणार. जपानात कलाकार वर्षानुवर्षं एका खोलीत, तीन-चार माइकपुढे आलटून पालटून उभे राहून रेकॉर्ड करत आले; कोरोनात ते तुटलं. तुझ्यासमोर रडणारी बहीण कधी आधीच रेकॉर्ड झालेली असेल, कधी नसेल. नसेल तेव्हा दिग्दर्शकाला तिचं वाक्य वाचायला सांग. लाजू नकोस.

मैत्रिणीचं म्हणणं खोटं नाही, पण ती लॉस एंजेलिसमधून बोलतेय. तिकडे बरंच काम युनियनच्या कराराखाली होतं, टेक्सासमध्ये अ‍ॅनिमेचं बहुतेक काम त्याबाहेर. हा धंदा टेक्सासात आला कसा, तेही ऐकण्यासारखं आहे. १९९४ मध्ये गेन फुकुनागा नावाच्या माणसाने फनिमेशन ही डबिंगची कंपनी काढली, आणि भांडवल आलं ते डेकेटर गावच्या एका कुटुंबाने आपली पशुखाद्याची गिरणी विकून! पुढे सोनीने ती कंपनी घेतली, २०२१ मध्ये क्रंचिरोल ही अ‍ॅनिमे दाखवणारी कंपनीही त्यात आली. बाबांना हे सांग. नाशिकच्या माणसाला गिरणीची गोष्ट पटते.

पण पैशाचं खरं चित्र तुला माहीत हवं. २०२२ मध्ये ‘मॉब सायको १००’च्या तिसऱ्या पर्वाच्या वेळी मॉबचा इंग्रजी आवाज असलेला काइल मॅकार्ली म्हणाला, हे पर्व मी युनियनच्या कराराविना करतो, फक्त पुढच्या कामांबद्दल सॅग-आफ्ट्राशी, म्हणजे कलाकारांच्या युनियनशी, एकदा बोलायला बसा. कंपनीने ते मानलं नाही आणि तिसऱ्या पर्वात मॉब दुसऱ्या नटाने केला. लीड होता तो! त्याच वर्षी ‘जुजुत्सु कायसेन झीरो’ने अमेरिकेतल्या थिएटरांत ३ कोटी डॉलरच्या वर धंदा केला, आणि त्यात रिकाचा आवाज देणाऱ्या अनाइरिस किन्योनेसने जाहीर सांगितलं की आपल्याला त्याचे १५० डॉलर मिळाले. एकदा तासाचे पैसे दिले की विषय संपला, मालिका पुढे कितीही वर्षं चालो. मला हे अन्यायाचंच वाटतं. मुंबईतही आमचं तेच होतं, म्हणून जास्त वाटतं.

तरीही तू काम घे, असंच मी म्हणेन. तू अजून युनियनची सभासद नाहीस, त्यामुळे नियम मोडत नाहीस. सभासद झालीस की मात्र असं बाहेरचं काम करता येणार नाही, तो निर्णय तेव्हा विचार करून घे. आत्ता करारात डोळे फाडून बघ. याच पात्राचा सिनेमा किंवा व्हिडिओ गेम आला तर तोच दर का? दुरुस्तीसाठी पुन्हा बोलावलं तर किमान किती तासांचे पैसे? तुला कंत्राटदार धरलंय का? धरलं असेल तर कर कापून येणार नाही, तो तुझा तू बाजूला काढायचा, नाहीतर एप्रिलमध्ये रडशील. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुझा रेकॉर्ड केलेला आवाज यंत्राला शिकवायला वापरता येईल असं एखादं गुळमुळीत वाक्य आहे का? ‘सध्याच्या व भविष्यातील सर्व तंत्रज्ञानात’ असं दिसलं की थांब. २०२५ च्या शेवटी अ‍ॅमेझॉन प्राइमने ‘बनाना फिश’सारख्या काही अ‍ॅनिमेंना एआयचे इंग्रजी आवाज लावून पाहिले होते; प्रेक्षकांनी इतका दंगा केला की ते उतरवावे लागले. प्रत्येक वेळी दंगा होईलच असं नाही. नॅशनल असोसिएशन ऑफ व्हॉइस अ‍ॅक्टर्स ही तुमच्याकडची संघटना कराराला जोडायचा एआयविषयीचा मसुदा फुकट देते. तो जोडून पाठव. फार तर नाही म्हणतील, पण तू विचारलंस याची नोंद राहील.

आडनाव आखूड करण्याचं खूळ कुणी डोक्यात घातलंच, तर ऐकू नकोस. ‘काउबॉय बीबॉप’च्या श्रेयनामावलीत स्टीव्ह ब्लमचं नाव सापडत नाही, तिथे डेव्हिड लुकास आहे, युनियनबाहेरच्या कामाला टोपणनाव लावायची तेव्हा पद्धत होती. नाव लपवायची अशी काही गरज तुला नाही. उच्चार चुकतील, एकदा सांग, दुसऱ्यांदा सांग, पुढे जमतं त्यांना.

पहिला भाग लागेल त्या आठवड्यात फोनमधून सगळी समाजमाध्यमं काढून टाक. शिव्या देणारे पहिल्या तीन दिवसांत येतात, आवडलेली माणसं महिन्याभराने पत्र लिहितात. पुढे एखाद्या संमेलनात तुला टेबल मांडून बसवतील. तुमच्या डॅलसमध्येच १९९० मध्ये ए-कॉन हे अ‍ॅनिमेचं संमेलन सुरू झालं, तसल्या संमेलनांत लोक सही घ्यायला रांग लावतात. पुष्कळ कलाकारांना बूथपेक्षा त्या टेबलावर जास्त पैसे मिळतात, हेही तुझ्या पेन्सिलच्या हिशेबात धर, पण दुसऱ्या वर्षाच्या.

राहिले बाबा. त्यांना एकच विचार: १९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली लागायचा, तो आठवतो का? आठवणारच. ती मालिका जपानी होती, १९८९ ची, म्हणजे अ‍ॅनिमेच. आणि हिंदीत शेरखानला आवाज कुणाचा होता? नाना पाटेकरांचा. कार्टूनला आवाज देणारा माणूस म्हणून बाबांनी नानांना कधी नावं ठेवली होती का, ते त्यांच्याच तोंडून ऐक.

आणि मालिका लागली की त्यांना पहिला भाग दाखवू नकोस. पहिल्या भागात कुणाचाच आवाज नीट लागलेला नसतो, तू कितीही तयारी केलीस तरी. चौथा दाखव. मधूनच सुरू केल्याने त्यांना कोण कुणाचा कोण ते कळणार नाही, ते चिडतील, ‘हा पोरगा एवढा का बोंबलतोय’ विचारतील. सांगू नकोस. तू उठून चहा करायला आत जा. आधीचे तीन ते स्वतःच लावतील.

— मावशी